जमिनीखालची मुंबई
(भद्रावती इथं केलेलं भाषण)



मी गोदीत ओझी उचलतो, अधूनमधून कविता लिहितो. आल्यापासून तुम्ही एकच विचारताय, मुंबईची ती भुयारी मेट्रो कशी आहे? सांगतो.

आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर. 27 स्टेशनं, एक सोडून सगळी जमिनीखाली. 2025 च्या ऑक्टोबरात पुरी उघडली. खर्च 37 हजार कोटींच्या वर. आत गारेगार. वरळी, दादर घेते; शिवडी-माझगावच्या गोदीकडं मात्र फिरकत नाही. या टोकाचं त्या टोकाला तिकीट 70 रुपये. मी एकदा बसलो. परत लोकलनं आलो.

तिच्या कारशेडसाठी 2019 च्या ऑक्टोबरात आरेची दोन हजारांवर झाडं पाडली, सुरुवात रात्रीच्या अंधारात. सुप्रीम कोर्टाची मनाई आली तोवर ती आडवी झाली होती. आरेत आदिवासींचे पाडे आहेत, हे किती मुंबईकरांना ठाऊक?

मे 2025 च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं. केवढा गवगवा! आमच्या वस्तीत दरसाल शिरतं, तेव्हा कुत्रं फिरकत नाही.

भद्रावतीला भुयार नवं नाही. विजासनच्या टेकडीत बुद्धाची लेणी कुणाच्या तरी छिन्नीनं कोरली. पुढं कोळशासाठी माणसं जमिनीत उतरली. चंद्रपूरची वीज 1999 पासून 752 किलोमीटरच्या तारेवरून पडघ्याला, मुंबईच्या दाराशी जाते. राख तेवढी इथं ठेवून.

मला मेट्रो नको असं नाही. हवीय, शिवडीला हवीय, माझ्या मजुरीत बसेल अशी हवीय. आणि चंद्रपूरच्या बाईनं वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी राखेविना घरात यायला हवंय.