परत आलेला धनादेश आणि ग्रामसभा



मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. आज गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात. परंतु ठेकेदाराचा धनादेश ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ म्हणून परत आला, तर पाने तोडणाऱ्यांच्या मजुरीचे काय?

आता धनादेशाचा कागद बँकेतून बँकेत फिरत नाही. त्याची केवळ प्रतिमा जाते. तीन महिन्यांच्या मुदतीत तो पुन्हा सादर करता येतो, आणि तसे केल्याने फौजदारी हक्क बुडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला. मात्र ‘पुढच्या आठवड्यात टाका’ या वायद्यावर विसंबून ही मुदत दवडू नका. बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, रक्कम भरण्यास पंधरा दिवस, आणि त्यापुढील महिन्याभरात कलम १३८ खाली फिर्याद, असा क्रम आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खात्यात भरलेल्या धनादेशाचा खटला ग्रामसभेच्या शाखेच्या हद्दीतील न्यायालयात चालतो. ठेकेदाराच्या शहरी खेटे घालावे लागत नाहीत.

गरिबाचा हप्ता चुकला की बँक तत्काळ दंड कापते. ठेकेदाराची चूक मात्र कोणी तारखा सांभाळल्या तरच शिक्षेस पात्र ठरते. त्या सांभाळणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. जंगलावरचा हक्क मजुरी हाती पडल्यावाचून पुरा होत नाही.