स्वप्नात जागं होताना



बुलढाण्याहून खामगावकडे जाताना बोथ्याचा घाट लागतो. त्या भागातले एक शेतकरीदादा माझ्याकडे आले होते. झोप येत नाही, ही तक्रार. बोलता बोलता कळलं की झोप येत होती, तेच तिला येऊ देत नव्हते. ज्ञानगंगा अभयारण्याला लागून त्यांचं शेत. हरभरा राखायला जागलीवर असताना एका रात्री अस्वल समोर उभं राहिलं. काही न करता ते निघून गेलं, पण त्यानंतर रोज स्वप्नात यायला लागलं. "थे येते साहेब, अन् माह्या तोंडातून आवाजच निंघत नाही," ते म्हणाले. हे सांगतानाही त्यांचा गळा दाटला होता.

आवाज का निघत नाही, हे आधी समजून घेऊ. रात्रभर आपली झोप साधारण दीड दीड तासांच्या फेऱ्यांत चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी एक टप्पा येतो. त्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, आणि ठळक स्वप्नं बहुतेक तेव्हाच पडतात. हा टप्पा 1953 साली शिकागोच्या शास्त्रज्ञांनी नोंदवला. त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर आपण स्वप्नातलं धावणं खाटेवरच धावलो असतो. श्वास आणि डोळे तेवढे मोकळे राहतात. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. मग छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, ओरडता येत नाही. घरात त्याला बाहेरची बाधा म्हणतात, अंगारा लावतात. घाबरू नका. शांत श्वास घ्या, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा. थोड्या वेळात अंग मोकळं होतं.

डोळे मोकळे असतात, याचाच उपयोग 1975 साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी केला. ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाला झोपेत 'हे स्वप्न आहे' हे कळायचं. कळलं की डोळे ठरलेल्या पद्धतीनं डावीउजवीकडे फिरवायचे, असं ठरलं. तो खरोखर झोपेत होता, यंत्र ते दाखवत होतं, आणि डोळ्यांची खूण कागदावर उमटली. 2021 मध्ये तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी झोपलेल्या माणसांना प्रश्न विचारले. आठातून सहा गेले किती, असं विचारल्यावर एकानं स्वप्नातूनच डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. स्वप्न चालू असतानाच ते स्वप्न आहे हे कळणं, याला लुसिड ड्रीम म्हणतात. आपण सजग स्वप्न म्हणू. अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या तर शंभरातल्या पंचावन्न जणांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडलेलं असतं. आपल्याकडे स्वप्नातल्या दृष्टांताला मान आहे. शेगावच्या वारीला निघालेल्या माणसाच्या दृष्टांताला मी हात लावणार नाही, तो त्याच्या श्रद्धेचा भाग. मी बोलतोय ते सरावानं येणाऱ्या कौशल्याबद्दल.

सराव वहीपासून सुरू होतो. उशाशी वही-पेन ठेवा. जाग आली की लगेच उठू नका. त्याच कुशीवर पडून स्वप्न आठवा आणि मग दोन ओळी लिहा. लिहिता येत नसेल तर घरातल्या पोराला सांगा, तो लिहील. पंधरा दिवसांनी वही चाळली की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा येताना दिसते: चुकलेली एसटी, परीक्षेचा पेपर, वारलेले वडील, पडक्या वाड्याचा जिना. ती तुमच्या स्वप्नाची खूण. आमच्या शेतकरीदादांची खूण निराळीच निघाली. त्यांची विहीर बांधाच्या डाव्या हाताला आहे. स्वप्नात ती नेहमी उजवीकडे असायची, आणि अस्वल तिच्याआडून यायचं.

दुसरी सवय दिवसाची. दिवसातून आठ-दहा वेळा थांबून मनापासून विचारा, मी आत्ता स्वप्नात आहे का? आणि तपासा. नाक चिमटीत धरून तोंड मिटून श्वास घेऊन बघा. स्वप्नात नाक बंद असूनही बहुतेकदा श्वास आत जातो. एखादी पाटी दोनदा वाचा. स्वप्नात अक्षरं बहुतेकदा बदलतात. दिव्याचं बटण दाबून बघा असंही पुस्तकांत सांगतात. आपल्या गावांत त्यावर विसंबू नका, भारनियमनात जागेपणीही दिवा लागत नाही. त्यापेक्षा नाकाची तपासणी बरी.

तिसरी गोष्ट पहाटेची. स्वप्नांचे लांब टप्पे रात्रीच्या शेवटच्या भागात येतात. म्हणून पाच-सहा तास झोपून जाग आली की नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यातली खूण डोळ्यांपुढे आणायची, आणि "पुढच्या स्वप्नात मला कळेल की हे स्वप्न आहे" असं म्हणत झोपी जायचं. ही पद्धत अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी बसवली. ती रोज साधत नाही. आठवडाभर काहीच झालं नाही तरी नाराज होऊ नका.

इथे मला कळकळीनं एक सांगायचंय. गजर लावून झोप मोडू नका. आपल्या जिल्ह्यात अजून कित्येकांना रात्रीच्या पाळीची लाईन आली की मोटर सुरू करायला उठावंच लागतं, रानडुकरं आणि रोही हाकलायला जागावं लागतं. त्यांची झोप आधीच तुटलेली आहे. पाणी देऊन परत आल्यावर पडाल, तेव्हाच मघाचं वाक्य मनात म्हणा. जास्तीचं जागरण नको. आणि ती झोप शक्य असेल तेव्हा दुपारी भरून काढा.

शेतकरीदादांना मी अस्वलाशी लढायला सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच: दिवसा दहा मिनिटं डोळे मिटून तेच स्वप्न मनात आणायचं आणि शेवट आपल्या मनानं बदलायचा. त्यांनी निवडलेला शेवट असा: अस्वल नाल्याकडे वळतं, मोहाखाली पडलेली फुलं खात बसतं. महिन्याभरानं एका पहाटे स्वप्नात त्यांना विहीर उजवीकडे दिसली आणि हे स्वप्न आहे हे कळलं. ते जागेवर उभे राहिले, अस्वलाला "जा बाप्पा" म्हणाले. आवाज निघाला. अस्वल नंतरही दोन-तीनदा आलं, पण दादा झोपेला घाबरेनासे झाले.

हा सराव सगळ्यांनी करू नये. ज्यांना भास होतात, कानात आवाज येतात, ज्यांचे मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, कारण स्वप्न आणि जाग यांमधली रेघ त्यांच्यासाठी आधीच पुसट असू शकते. स्वप्नं पाडणाऱ्या गोळ्या म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका. झोपेत खरोखरच हातपाय झाडून शेजारच्याला इजा होत असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो, तपासून घ्या. आणि वाईट स्वप्नांमुळे जगणंच नकोसं वाटत असेल तर सकाळची वाट पाहू नका. टेली-मानसचा क्रमांक 14416 आहे, फोन मोफत आहे, रात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.