मुखकर्करोग आणि मज्जातंतूंची वाट
(माळेगाव बुद्रुक येथील व्याख्यानाचा मजकूर)



मुखकर्करोगाविषयी आपल्या भागात बोलावयाचे म्हणजे तंबाखू, चुना व मिशरी यांचा उल्लेख ओघाने येतोच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. व्यसन मात्र बंदीने सुटत नाही. आज आम्ही व्यसनाविषयी नव्हे, तर या रोगाच्या एका कमी परिचित वाटेविषयी बोलणार आहोत.

मज्जातंतूला आपल्याकडे सर्रास ‘नस’ म्हणतात आणि रक्तवाहिनीलाही तेच नाव देतात. म्हणून ‘रोग नसेत शिरला’ असे सांगितले, की तो रक्तातून पसरला असा समज होतो. वस्तुतः कर्कपेशी मज्जातंतूच्या आवरणात शिरून त्याच्या कडेने पुढे सरकतात. ऊसकऱ्यांना हे समजणे अवघड नाही. बांधावरची हरळी उपटली तरी तिचा धावता कोंब मातीखालून सरीत शिरलेला असतो. वर दिसते त्यापेक्षा पसारा मोठा असतो.

खालच्या जबड्याच्या हाडातील नळीतून एक मज्जातंतू जातो आणि हनुवटीजवळ बाहेर येऊन खालच्या ओठाला संवेदना देतो. गाल व हिरडी यांच्या सांध्यात, म्हणजे नेमकी जेथे तंबाखूची गोळी धरली जाते तेथे, उद्भवलेला रोग या तंतूपर्यंत पोहोचला, तर ओठ व हनुवटी बधिर होतात, मुंग्या येतात. पुष्कळदा हे दाताचे दुखणे समजून दात काढला जातो आणि ती जखम भरतच नाही. आमच्या मते कारणाशिवाय आलेला ओठाचा बधिरपणा हा वेदनेइतकाच गंभीर मानावा. कारण वेदनेने माणूस दवाखाना गाठतो, बधिरपणाने नाही.

तथापि अनेक रुग्णांत असे कोणतेच लक्षण नसते. काढलेल्या गाठीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाल्यावरच तंतूभोवती कर्कपेशी आढळतात. अशा रुग्णांत रोग त्याच जागी उलटण्याची व मानेतील गाठींत जाण्याची शक्यता अधिक असते. मानेच्या गाठींबाबत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या अवस्थेत मान निरोगी भासत असतानाच तेथील गाठी काढलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

तंतूंत शिरकाव आढळल्यास इतर बाबींचा विचार करून शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार सुचविले जातात. ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत अशी अपेक्षा असते आणि पुढे जवळजवळ तितकेच दिवस, आठवड्यातून पाच वेळा, चालतात. एकट्या याच कारणासाठी सहसा केमोथेरपी जोडली जात नाही. येथेच खरी अडचण उभी राहते. टाके निघालेले, गाठ गेलेली, कारखान्याचा गळीत हंगाम तोंडावर. अशा वेळी घरचे म्हणतात, ‘आता कशाला पुण्याचे हेलपाटे?’ तोडणी कामगाराला तर मुकादमाची उचल फेडायची असते. या प्रश्नाला वैद्यकशास्त्राचे उत्तर पुरेसे नाही, हे आम्ही जाणतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघू शकतो. बुडालेली मजुरी नाही.

निदान एवढे करावे. पॅथॉलॉजीचा अहवाल हाती आल्यावर ‘मज्जातंतूंविषयी काय लिहिले आहे?’ असे डॉक्टरांना विचारावे. दुसऱ्या रुग्णालयात जाताना केवळ डिस्चार्ज कार्ड नव्हे, तर काचपट्ट्या व मेणातील ठोकळेही मागून घ्यावेत. त्यांवरून तपासणी पुन्हा करता येते.