चान्स किती?

(आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेले मनोगत)



मला सांगितलंय की दहा मिनिटांत ‘माझी वाटचाल’ सांगायची. वाटचाल थोडक्यात सांगते. बारावी, इंजिनिअरिंग, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, तीच अजून चालू आहे. संपली वाटचाल. उरलेल्या वेळात मला एका चुकलेल्या गणिताबद्दल बोलायचं आहे. गणिताच्या सरांनी कान धरला तरी चालेल, कारण चूक त्यांच्याच वर्गात झाली होती.

गेल्या वर्षी जूनमध्ये आपल्यातल्या एका मित्राचा फोन आला. तो आज इथे आहे. त्याला विचारूनच हे सांगते आहे, पण नाव घेणार नाही. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, आणि आपण सगळे ज्याच्या डब्यातली चटणी पळवायचो, एवढं सांगितलं की तुम्हाला कळेलच.

तो म्हणाला, “अगं, पोरगी बारावीत गेलीय. एनडीए म्हणतीया. तू आकडेमोडीतली. जरा बघून सांग, चान्स किती हाय तिचा?”

मी सहज म्हणाले, “अरे, तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. तू स्वतः दिली होतीस ना परीक्षा बारावीत?”

तो हसला. “दिलीच न्हाय गं. तूच म्हणली हुतीस, तुझा चान्स शून्य.”

मित्रांनो, मला हे आठवतच नव्हतं. मी सव्वीस वर्षं समजून चालले होते की त्याने परीक्षा दिली आणि तो नापास झाला. मग त्याने आठवण करून दिली. १९९८ साल, आपल्याच शाळेचं ज्युनिअर कॉलेज, खिडकीकडचा तिसरा बाक. त्याने वर्तमानपत्रातलं जाहिरातीचं कात्रण आणलं होतं. मला म्हणाला, बघ गं, जमेल का. मी चाचणी परीक्षेतले त्याचे गणिताचे आणि इंग्रजीचे मार्क घेतले, बाकावर खडूने वजाबाकी केली, खाली मोठं शून्य काढलं आणि त्याला डोळे काढले. सगळे हसले. तोही हसला. कात्रण त्याने वहीत ठेवलं आणि पुन्हा काढलं नाही.

गंमत म्हणजे एनडीएची प्रश्नपत्रिका मी तोवर पाहिलेलीसुद्धा नव्हती. ती पाहिली गेल्या वर्षी, त्याच्या मुलीसाठी. आजच्या रचनेत लेखी परीक्षा ९०० गुणांची आहे. त्यात गणित ३०० आणि जनरल अ‍ॅबिलिटी ६००. या सहाशेत इंग्रजी फक्त २०० गुणांचं. उरलेले ४०० भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडींचे. आता आठवा, भूगोलाच्या बाईंच्या तासाला नकाशा न बघता नद्या कोण सांगायचा? विज्ञान प्रदर्शनात कोणाचा पंप चालला होता? मी त्याची जमेची बाजू हिशेबात धरलीच नव्हती. हिशेब केला होता तो मला जे दोन विषय मोठे वाटायचे त्यांचा.

म्हणून या वेळी ठरवलं की आकडा सांगायचा नाही, आधी समजून घ्यायचं. मी मुलीला म्हटलं, दर रविवारी व्हिडिओ कॉल. ती मला आत्या म्हणते.

सुरुवात अर्थात मी माझ्या सवयीने एक्सेलनेच केली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना एनडीएची परीक्षा पहिल्यांदा खुली झाली. त्या परीक्षेसाठी पावणेदोन लाखांहून जास्त मुलींनी अर्ज केले होते आणि जागा होत्या १९. म्हणजे नऊ हजारांत एक. हा आकडा तिला सांगितला असता तर मी तिच्या वडिलांना जे केलं तेच पुन्हा केलं असतं, फक्त खडूऐवजी लॅपटॉपवर.

कारण हा भागाकार बरोबर असला तरी त्याला अर्थ नाही. अर्ज भरणाऱ्यांत कोण परीक्षेला जातं, कोण मैत्रिणीने भरला म्हणून भरतं, हे त्यात दिसत नाही. त्याच परीक्षेत लेखी पास झालेल्या मुली सुमारे एक हजार होत्या. तिथून पुढे मोजलं तर साधारण बावन्नात एक. अजूनही अवघडच, पण ही लॉटरी नव्हे. शिवाय वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस आणि परीक्षा वर्षातून दोनदा, म्हणजे बारावीत असल्यापासून चारेक वेळा तरी बसता येतं. तेव्हा ‘चान्स किती’ याला एक उत्तर नाही. कोणत्या टप्प्यावर, कितव्या प्रयत्नात आणि आज ती कुठे उभी आहे, हे धरून विचारावं लागतं.

पहिला टप्पा लेखी. कटऑफ ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. गेल्या काही वर्षांत तो ९०० पैकी तीनशेच्या आगेमागे ते साडेतीनशेच्या थोडा वर, एवढाच राहिलेला आहे. दहावीला नव्वद टक्के ऐकायची सवय लागलेल्या आपल्याला वाटतं, हे तर सोपं! सोपं नाही, कारण प्रत्येक चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण कापतात.

मी तिला सांगितलं, सराव पेपर सोडवताना जे उत्तर अंदाजाने देशील त्याच्यापुढे टिंब कर. गणितात १२० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. तिने शंभर सोडवले. ५२ बरोबर, ४८ चूक. एकशेतीसातून चाळीस गेले, उरले नव्वद. मग टिंबं वेगळी काढली. खात्रीचे ६० होते, त्यातले ४५ बरोबर. अंदाजाचे ४०, त्यातले बरोबर फक्त ७. ते चाळीस कोरे सोडले असते तर तिला शंभर गुण मिळाले असते. अर्धा तास घाम गाळून तिने दहा गुण घालवले होते.

आता हिशेब असा आहे की चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर चाळीसपैकी दहा बरोबर यावीत आणि नफा-तोटा शून्यावर यावा. तिची सातच आली, कारण चुकीचे पर्याय तयार करणारा माणूस हुशार असतो. घाईत चिन्ह चुकलं की जे उत्तर येतं, तेच तो पर्यायात ठेवतो. मात्र एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं की अंदाज फायद्याचा होतो. एवढी एक गोष्ट तिला पटली आणि दोन महिन्यांत तिचे गुण वाढले. अभ्यास तोच होता, फक्त कुठे थांबायचं हे कळलं.

तरी सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या प्रयत्नात ती थोडक्यात हुकली. एप्रिल २०२५ ला पास झाली. त्या मे महिन्याच्या ३० तारखेला खडकवासल्याला मुलींची पहिली तुकडी पास आउट झाली, सतरा जणी. बाप-लेकीने ते संचलन दुकानात मोबाइलवर बघितलं. मी सिंहगडला जाताना त्या बाजूने शेकडो वेळा गेले आहे. आपण बारावीत होतो तेव्हा तिथे मुलीने अर्ज करायचा प्रश्नच नव्हता, आणि खरं सांगू, मला कधी तो प्रश्न पडलाही नव्हता.

दुसरा टप्पा एसएसबी, म्हणजे पाच दिवसांची मुलाखत. तिलाही लेखीइतकेच ९०० गुण. इथे माझं एक्सेल संपलं. पहिल्या दिवशी बुद्धिमत्ता चाचणी आणि एक धूसर चित्र. त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात बसून सांगायची आणि सगळ्यांची मिळून एक करायची. यात बरेच जण त्याच दिवशी घरी जातात. जे राहतात त्यांना पंधरा-पंधरा सेकंदांत साठ शब्दांवर साठ वाक्यं, अर्ध्या तासात साठ प्रसंग, मग मैदानावर फळ्या, दोर, पिंपं घेऊन गटाने अडथळे पार करणं, वैयक्तिक मुलाखत आणि शेवटी कॉन्फरन्स. यात खोटं वागून पाच दिवस काढणं फार कठीण.

ऑगस्टमध्ये ती भोपाळला गेली आणि पहिल्याच दिवशी बाहेर पडली. गटात सगळे एकदम बोलायला लागले, मासळीबाजार झाला, आणि ही गप्प बसली. मला फोनवर म्हणाली, “आत्या, मला काय म्हणायचं ते माहीत होतं. पण माझं इंग्रजी ऐकून कुणी हसलं तर, असं वाटलं.”

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. बाकाभोवती हसणारी मुलं मला दिसत होती. ती हसली ती माझ्या शून्याला.

त्यानंतर रविवारी आम्ही गणित बंद केलं. मी तिला रोज कुठलाही विषय घेऊन तीन मिनिटं इंग्रजीत बोलायला लावते, माझ्या ऑफिसमधल्या दोन-तीन मुलामुलींसमोर. चुकते, थांबते, पुन्हा सुरू करते. कुणी हसत नाही. तिच्या आजोबांनाही समोर बसवलं. त्यांना इंग्रजी थोडंच येतं, पण ते मान हलवतात. हवालदार साहेबांनी मान हलवली की नात तीन मिनिटांची पाच करते.

तिसरा टप्पा वैद्यकीय, आणि इथे पालकांना हात जोडून विनंती आहे. तुमच्या घरात कुणी एनडीए म्हणत असेल तर सगळ्यात आधी रंगांधळेपणा, चष्म्याचा नंबर, सपाट तळवे, गुडघे, कान, दात एवढं डॉक्टरांकडून तपासून घ्या. काही गोष्टी बऱ्या होतात, काही नियमात बसतच नाहीत. दोन वर्षं झटून शेवटी ते कळणं फार क्रूर असतं. आणि इतकं सगळं पार केलं तरी गुणवत्ता यादी उरतेच. अंतिम यादीत यायला १८०० पैकी साधारण साडेसहाशे ते सव्वासातशे गुण लागत आले आहेत. एसएसबीने शिफारस केलेलं मूलही यादीत राहू शकतं किंवा राहू शकत नाही.

अजून एक. आमच्या लेकीला उशीर झाला, पण ज्यांची मुलं आता नववी-दहावीत आहेत त्यांनी लक्षात ठेवा. राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, आणि मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. दहावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन तिथे जाता येतं. आणि एनडीए नाही झालं तरी पदवीनंतर सीडीएस आहे, हवाई दलाची एफकॅट आहे. पोरांना एकच दरवाजा दाखवून त्याच्यापुढे उभं करू नका. आमची लेकही आता साताऱ्याला बी.एस्सी. करते आहे.

सप्टेंबरची लेखी ती पुन्हा पास झाली. जानेवारीत भोपाळ. मागच्या आठवड्यात तिनेच विचारलं, “आत्या, आता चान्स किती?”

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, जागा थोड्या आहेत, न होण्याचीच शक्यता जास्त आहे. पण पहिल्या दिवशी बाहेर पडण्याची शक्यता ऑगस्टपेक्षा खूप कमी आहे, आणि ती तू कमी केलीस. ती म्हणाली, “माहितीय.” मग विचारलं, जानेवारीत भोपाळला थंडी किती असते, स्वेटर एक पुरेल का दोन लागतील.

तिचे वडील तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मित्रा, तू परीक्षा दिली असतीस तर पास झाला असतास की नाही, मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. माहीत नसताना मी शून्य काढलं, ते आज सर, बाई आणि सगळ्या वर्गासमोर पुसते. उशीर झाला, माफ कर.

आणि सर, बाई, तुम्ही आमच्यातल्या कितीतरी जणांच्या प्रगतिपुस्तकावर ‘प्रयत्न केल्यास यश मिळेल’ असं लिहायचात. आम्ही त्याला शेरा म्हणून हसायचो. तुम्ही कुणाच्याच पुस्तकावर शून्य लिहिलं नाहीत, हे कळायला मला सेहेचाळीस वर्षं लागली.

दहा मिनिटांची वीस झाली. जेवण तयार आहे, आणि चटणी त्याच्याच घरून आली आहे.