पन्नास आभासी वापरकर्त्यांची ताकद

16 जुलै 2021 रोजी महाराष्ट्रात दहावीचा निकाल लागला आणि राज्यभरातून अशी झुंबड उडाली की निकालाची संकेतस्थळं कित्येक तास धड उघडेनात. अशी गर्दी झेपेल का, हे आधीच अजमावून पाहण्याला लोड टेस्टिंग म्हणतात. आज्ञावली आभासी वापरकर्ते उभे करते. ते पानं उघडतात, फॉर्म भरतात, आणि उत्तर यायला किती वेळ लागला, चूक कुठे आली, याची नोंद होत जाते. त्यासाठीचं जेमीटर हे साधन 1998 पासून फुकट उपलब्ध आहे, पण ते मोठ्या प्रमाणावर चालवायचं तर यंत्रं हवीत आणि ती जोडणारा जाणकारही. क्लाउडवरच्या सेवा ही यंत्रं लागतील तेवढा वेळ पुरवतात आणि त्यांतल्या काहींनी मोफत योजनाही आणल्या आहेत. ब्लेझमीटरच्या मोफत योजनेत एका वेळी 50 आभासी वापरकर्ते मिळतात.

अशा मोफत योजना उपयोगाच्या आहेत, असं म्हटलं की पहिला आक्षेप येतो: पन्नासांनी काय होणार? माझ्या मते इथे हिशेबच चुकतो. खरा माणूस पान उघडल्यावर वाचतो, विचार करतो; दोन क्लिकांमध्ये वीसेक सेकंद सहज जातात. आभासी वापरकर्त्याला तशी उसंत दिली नाही आणि सर्व्हरने अर्ध्या सेकंदात उत्तर दिलं, तर पन्नास जण मिळून सेकंदाला 100 मागण्या करतात. म्हणजे जवळपास दोन हजार माणसांचा भार झाला! शिवाय, बहुतेक साइट बसतात त्या कुठल्यातरी एका अरुंद जागी कोंडी झाल्याने. जावा वापरणाऱ्या पुष्कळ प्रणालींत डेटाबेसच्या जोडण्या सांभाळणारं हिकारी नावाचं साधन असतं आणि त्याची मूळ मर्यादा 10 जोडण्यांची आहे. प्रत्येक मागणीने जोडणी बराच वेळ अडवून ठेवली, तर पन्नास जणांतही रांग लागते आणि दोष उघडा पडतो. अमेरिकेच्या आरोग्यविम्याचं संकेतस्थळ 1 ऑक्टोबर 2013 ला सुरू झालं आणि पहिल्या दिवशी जेमतेम सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. लोकार्पणाच्या तोंडावर झालेल्या चाचणीत ते काहीशे वापरकर्त्यांपुढेच कोलमडल्याचं नंतर वृत्तपत्रांनी उघड केलं. दोष दिसायला लाखोंची गर्दी लागली नव्हती. लागत होता वेळ, आणि तोच उरला नव्हता. चाचणी फुकट असेल तर ती पहिल्या आठवड्यापासून, प्रत्येक बदलानंतर करता येते. लहान संस्थेला एरवी हे कुठलं परवडायला?

चाचणीने खोटा भरवसा मिळतो, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. ऑस्ट्रेलियाच्या 2016 च्या ऑनलाइन जनगणनेची लोड चाचणी झाली होती, तरीही 9 ऑगस्टच्या संध्याकाळी साइट बंद करावी लागली आणि ती सुमारे 40 तास बंदच राहिली. कारण नागरिकांची गर्दी नव्हती; किरकोळ सायबर हल्ले, ते अडवणारी अपुरी व्यवस्था आणि बिघडलेला राउटर यांनी घात केला. म्हणून लोड टेस्टिंगला सुरक्षेच्या चाचणीची जागा देता येत नाही. थोडा वेळ चालणाऱ्या मोफत चाचणीत तासन्‌तास हळूहळू भरत जाणारी मेमरीही दिसत नाही. त्यासाठी पैसे मोजून लांबलचक चाचणीच करावी लागते. उरला प्रश्न गैरवापराचा: फुकट मिळालेला भार कुणी दुसऱ्याच्या साइटवर सोडला तर? लोडर.आयओसारखी सेवा त्यासाठी आधी एक ठरावीक फाइल त्या साइटवर ठेवायला लावते. ती फाइल सापडली, म्हणजे साइट मागणाऱ्याच्याच ताब्यात आहे असं धरून चाचणी सुरू होते. ही अट मोफत योजनेतून कधीही गाळू नये.