जखमेची हाक



आदिलाबाद हा काळ्या मातीचा आणि कापसाचा जिल्हा. पऱ्हाटी कापली की शेतात तिचे टोकदार खुंट उरतात आणि राबणाऱ्यांचे तळपाय त्यांवर सोलवटून निघतात. बहुतेक जखमा यथाकाल भरून येतात; म्हणूनच त्या भरतात कशा, हा प्रश्न सहसा कोणास पडत नाही.

बर्लिनचा शास्त्रज्ञ द्यू ब्वा-रेमाँ याने १८४३ साली स्वतःच्या बोटावरील जखमेतून वाहणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजला. तो सुमारे एक मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लक्षांश होता. त्याचे मूळ त्वचेतच आहे. तिच्या पेशी सोडियमचे भारित कण अव्याहत आत ओढतात. त्यामुळे आतली बाजू बाहेरच्या मानाने धनभारित राहते. त्वचा हा जणू बांध होय. बांध फुटताच पाणी खिंडाराकडे धावते, तसा प्रवाह चहूबाजूंनी जखमेकडे वळतो. १९८२ मध्ये गिनीपिगच्या त्वचेत जखमेच्या कडेशी दर मिलिमीटरला शंभर ते दोनशे मिलिव्होल्ट इतका विभवभेद आढळला.

पेशी ह्याच खुणेने वाट काढतात. २००६ मध्ये मिन झाओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की बाहेरून उलट दिशेचे विद्युत्क्षेत्र लावल्यास पेशी जखमेकडे न जाता तिच्यापासून दूर सरकतात.

तेव्हा जखम दोन हाका देते. मज्जातंतूंची वेदना माणसाला जागे करते. विजेची हाक पेशींना बोलावते. कुष्ठरोगात पहिली हाक मुकी होते. पाय पोळला तरी कळत नाही, जुनीच जखम पुनःपुन्हा फुटते. पैनगंगेपलीकडे, वरोऱ्याजवळ, बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभारले, ते समाजाने दूर लोटलेल्या अशाच माणसांसाठी. मधुमेहातही पायाची जाणीव बोथट होते. शिवाय २०१६ मध्ये मधुमेही उंदरांच्या डोळ्यांतील पारपटलाच्या जखमांत ही विजेची हाकही क्षीण आढळली. माणसाच्या पायाविषयी त्यावरून लगेच निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. मात्र न भरणारी जखम कष्टकऱ्याचा पाय आणि त्यासवे घरची चूल हिरावून नेऊ शकते, हे कोणत्याही प्रयोगाविना उघड आहे.

म्हणून घरी विजेचे प्रयोग करणे हा ह्या ज्ञानाचा बोध नव्हे. ज्याच्या पायाला वेदनेची हाक ऐकू येत नाही, त्याने रोज सांजेला तळपाय डोळ्यांनी पाहावा, आणि त्याला दिसत नसेल तर घरच्यांनी पाहावा. जखम दिसताच वैद्यकीय उपचार घ्यावेत. शरीराची हाक जेथे क्षीण होते, तेथे माणसाच्या सावधपणाने तिची जागा घ्यावी.