‘मेट्रोपोलिस’ची पाठशुद्धी



पोथ्यांच्या पाठचिकित्सेत रमणाऱ्या माणसाने फ्रिट्झ लांग यांच्या मूक विज्ञानपटावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण प्रश्न तोच आहे. 1927 साली बर्लिनमध्ये झळकलेला अडीच तासांचा ‘मेट्रोपोलिस’ वितरकांनी लगेचच कापला. 1984 साली जॉर्जो मोरोडर यांनी त्याला रंगछटा व नवी गाणी देऊन दीड तासाच्या आत बसविले. त्यावरून रसिकांत दोन तट पडले : एकाला तो भ्रष्ट पाठ वाटतो, दुसऱ्याला त्या पाठामुळेच हा चित्रपट भेटला. या दुसऱ्या तटाविषयी मला माया आहे. प्रक्षेपानेही कधी ग्रंथ तगतो.

2008 साली ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट-संग्रहालयात 16 मिलिमीटरची, ओरखड्यांनी भरलेली प्रत मिळाली. 2010 च्या आवृत्तीत तीमधील सुमारे 25 मिनिटे ओरखड्यांसह, लहान चौकटीत जोडली आहेत. हे गुळगुळीत करून टाका, असा काही चाहत्यांचा आग्रह आहे. मला तो मान्य नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, पण कोणता पाठ कोठे बदलला याची टीप ठेवली नाही; तशी त्या काळाची रीतच नव्हती. येथे मात्र प्रत्येक ओरखडा सांगतो, की हे दृश्य कोणत्या प्रतीतून आले.